फ्रीझरनं केलेला घोळ: पीनट बटरच्या चॉकलेट गोळ्यांचा माझा अनुभव

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, लाकडी बैल घेऊन लेकरं दारात येतात. त्यांच्या हातावर काहीतरी घरचं ठेवावं, म्हणून पीनट बटरच्या चॉकलेट गोळ्या करायला घेतल्या. ओव्हन नको, पाक नको. आतलं सारण पहिल्याच खेपेला जमलं. वरचा चॉकलेटचा थर मात्र चार खेपा बिघडला आणि चारही वेळा एकाच पद्धतीनं. पहिल्या आठ-दहा गोळ्या चकचकीत उतरायच्या, मग वाटीतलं चॉकलेट जड होत जायचं आणि पंधराव्या गोळीपर्यंत त्याचा चिखल व्हायचा. खेपेला 300 ग्रॅम धरा, म्हणजे किती चॉकलेट गेलं त्याचा हिशेब होतो. कारण कळल्यावर राग आला तो यासाठी, की जी ती कृती डोळे मिटून ‘गोळ्या फ्रीझरमध्ये कडक करा’ असं सांगते आणि पुढचं कोणीच सांगत नाही.

आधी सारण. फल्लीदाणे निवडून घ्या; सुरकुतलेला, काळपट किंवा कडू दाणा एकही नको, कारण बुरशीचं विष भाजल्यानं पूर्ण जात नाही. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर 12 ते 15 मिनिटं, हात न थांबवता भाजा. साल चोळताच सुटली आणि आतला दाणा फिका बदामी दिसला की उतरवा. सोलून, पाखडून 250 ग्रॅम भरतील एवढे घ्या आणि कोमट असतानाच मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात फिरवा. आधी कूट होतो, मग तो कडेला चिकटतो, मग सगळ्याचा एक गोळा होऊन पातं नुसतंच फिरत राहतं. इथं घाबरून तेल ओतू नका. दाण्यात निम्म्याच्या आसपास तेलच असतं. कडा खरवडा, मिक्सरला दोन मिनिटं थांबू द्या, पुन्हा फिरवा. तेल सुटून गोळा आपोआप सैल होतो. मिक्सरमधून निघालेलं हे पीनट बटर चांगलंच गरम असतं. ते पूर्ण निवल्याशिवाय त्यात लोणी घालायचं नाही, नाहीतर लोणी वितळून सारण तुपकट होतं.

निवल्यावर त्यात 40 ग्रॅम मऊ लोणी (बटर), 170 ग्रॅम चाळलेली पिठीसाखर, 50 ग्रॅम दूध पावडर. मिसळून 15 ग्रॅमच्या गोळ्या वळल्या की तेहतीसच्या आसपास होतात. घरी दळलेली साखर वस्त्रगाळ करा, दाताखाली एक कणही आला तर सगळी मेहनत वाया जाते. गोळी दोन बोटांत दाबून बघा. बोटाला तेल चमकलं तर चमचाभर दूध पावडर आणखी. कडेला भेगा पडल्या तर चमचाभर पीनट बटर. दूध किंवा पाणी चुकूनही नको, पीनट बटरला पाणी लागलं की ते सैल व्हायच्या ऐवजी घट्टच होतं.

आता चॉकलेट. दुकानात ‘डार्क चॉकलेट’ म्हणून जो स्लॅब मिळतो तो बहुतेक वेळा कंपाउंड असतो. पाठीमागची बारीक अक्षरं वाचा. हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट लिहिलं असेल तर ते कंपाउंड. नुसतं कोको बटर असेल तर खरं चॉकलेट. या कामाला नागपुरात कंपाउंडच घ्या. खऱ्या चॉकलेटला टेम्परिंग लागतं: डार्क असेल तर 45 अंशांपर्यंत वितळवायचं, 28 च्या खाली आणायचं, पुन्हा 31-32 वर नेऊन तिथंच धरायचं. खोलीच 35 अंशांवर असेल तर ते बसणार कसं? ते डिसेंबर-जानेवारीसाठी राखून ठेवा. आणि दोन्ही एकत्र वितळवू नका. कंपाउंडमधली चरबी आणि कोको बटर यांचं एकमेकांशी पटत नाही, थर मऊ राहतो आणि काही दिवसांत त्यावर पांढुरकी छटा येते.

माझी गाडी अडली ती बुडवण्यावर. आधी वाटलं, स्लॅबच खराब. दुसऱ्या दुकानातून आणला, तेच झालं. मग संशय वाफेवर. गंजात पाणी उकळायचं आणि वर वाटी ठेवायची, ही पद्धत तशी धोक्याचीच. कडेनं आलेली वाफ वाटीत उतरते आणि पाण्याचे दोन-चार थेंबही चॉकलेट बिघडवायला पुरतात. चॉकलेट म्हणजे चरबीत तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे कोरडे कण. थोडंसं पाणी मिळालं की साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना धरतात आणि सगळं आवळून बसतं. म्हणून गंजापेक्षा रुंद वाटी घेतली, पाणी गरम करून गॅस बंद केला, मग वाटी ठेवली. तरी तेच. शेवटी मायक्रोवेव्ह घेतला, निम्म्या पॉवरवर 30-30 सेकंद, दर वेळी बाहेर काढून ढवळायचं. वाफेचा प्रश्नच मिटला. चमचा कोरडा, वाटी कोरडी, हात कोरडे. आणि बारा गोळ्यांनंतर पुन्हा चिखल!

इथं एक ओळख सांगून ठेवतो, कारण घट्ट होण्याचे तीन प्रकार असतात आणि तिन्हींचा उपाय वेगळा. नुसतं गार झालेलं चॉकलेट कडेनं आवळतं पण गुळगुळीत असतं. 10-15 सेकंद गरम केलं की पूर्ववत. जास्त तापलेलं रवाळ होतं आणि त्याला जळका वास येतो, ते गेलंच. पाणी लागलेलं चॉकलेट निस्तेज, दाणेदार होतं, सराट्याला एकगठ्ठा चिकटून वाटीची कड सोडतं, हुबेहूब घट्ट भिजवलेल्या कणकेसारखं. गरम करावं तसं ते आणखीच बिघडतं. माझं दर वेळी हे तिसरंच होतं. म्हणजे पाणी येत होतं हे नक्की, फक्त कुठून ते दिसत नव्हतं.

दिसलं ते फ्रीझरमधून काढलेल्या ताटलीकडे नीट बघितल्यावर. गोळ्या बाहेर आल्या तेव्हा कोरड्या, मॅट. एका मिनिटात त्यांच्यावर धुकं धरलं. तीन मिनिटांत बारीक, टाचणीच्या टोकाएवढे थेंब, आणि बोट फिरवलं तर बोट ओलं. पावसाळ्यातली हवा पाण्यानं भरलेली असते, गार वस्तूवर ती दव सोडणारच. प्रत्येक गोळी आपल्या अंगावरचं ते पाणी घेऊन वाटीत उतरत होती. पहिल्या आठ-दहांचं चॉकलेट सोसायचं, पुढं नाही. ताटलीतल्या शेवटच्या गोळ्या सगळ्यात जास्त वेळ बाहेर, म्हणून सगळ्यात ओल्या. सगळा हिशेब जुळला.

उन्हाळ्यात हवा कोरडी असते म्हणून सुटलो असं समजू नका. कूलर हवा ओल्या खसमधून ओढून घरात सोडतो, आणि बंद स्वयंपाकघरात कूलरचा झोत असेल तर मे महिन्यातही गोळ्यांवर दव धरतं. हे काम करताना कूलर बंद, शेजारी कुकर नको, चहाचं आधणही नको.

उपाय साधा निघाला. फ्रीझर पूर्ण बाद. गोळ्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, बटर पेपरवर एका थरात मांडायच्या आणि 30 मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायच्या. मग डबा ओट्यावर आणायचा, पण झाकण उघडायचं नाही. डब्याला बाहेरून घाम येतो, तो येऊ द्या. आत तेवढीच हवा कोंडलेली असते, त्यामुळं गोळ्या कोरड्या राहतात. डबा बाहेरून आपोआप कोरडा झाला (पुसून नव्हे, पुसलात तर खूणच पुसली जाते) की आणखी दहा मिनिटं थांबा. आतल्या गोळ्या डब्यापेक्षा उशिरा तापतात. मग उघडा. हाताला किंचित गार लागतील, पण बोट कोरडं राहील.

सारणात दूध पावडर घातली ती याचसाठी. गोळी खोलीच्या तापमानालाही आकार धरून राहिली पाहिजे, म्हणजे फ्रीझरची गरजच उरत नाही. याचा दुसरा फायदा नंतर लक्षात आला. बर्फगार गोळी आकसलेली असते; वर थर बसल्यावर ती आतून फुगते, कवच तडकतं आणि भेगेतून तेल पाझरतं. फ्रीझर सोडल्यापासून एकही गोळी तडकलेली नाही.

बुडवताना 300 ग्रॅम एकदम वितळवू नका, 150-150 चे दोन भाग करा. बिघडलं तर निम्मंच बिघडतं. प्रत्यक्षात गोळ्यांवर 180-200 ग्रॅमच बसतं, पण वाटीत खोली हवी म्हणून जास्त घ्यावं लागतं. उरलेलं बटर पेपरवर ओतून ठेवलं की पुढच्या वेळी चालतं. चॉकलेट 40 ते 45 अंशांवर असावं. थर्मामीटर नसेल तर थेंब ओठाखाली लावा, सुखद कोमट लागला पाहिजे. फार दाट वाटलं तर 100 ग्रॅमला एक छोटा चमचा खाण्याचं खोबरेल तेल. त्याहून जास्त नको, ते 24-25 अंशांनाच वितळतं आणि मग थर हाताला लागतो. गोळी काट्या-चमच्यावर घ्या, बुडवा, वाटीच्या काठावर चार-पाच वेळा टिचकी मारा, तळ काठाला पुसा आणि बटर पेपरवर सरकवा. तळाशी चॉकलेटचं तळं साचत असेल तर टिचक्या कमी पडल्या.

थर बसवायला फ्रिजमध्ये 10 मिनिटं पुरतात. काढताना पुन्हा तोच नियम. ताटली तशीच बाहेर आणली तर थरावर घाम येतो, वरची साखर त्यात विरघळते आणि वाळल्यावर पांढरे चट्टे दिसतात. फ्रिजच्या आतच डब्यात भरून झाकण लावा, मग डबा बाहेर.

पाणी लागून बिघडलेलं चॉकलेट फेकू नका. थरासाठी ते परत येत नाही, पण 100 ग्रॅमला तीन-चार मोठे चमचे गरम दूध थोडं थोडं घालत घोटलं की मऊ सॉस होतो. पोळीला लावा, आइसक्रीमवर घाला, फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा.

मीठ राहिलं! सारणात पाव छोटा चमचा, पूर्ण बारीक केलेलं. खडे राहिले तर ते एखाद्याच गोळीत येतात.

फ्रिजमध्ये दोन आठवडे चांगल्या टिकतात. बाहेर ठेवल्या तर दाण्याचं तेल हळूहळू थरात चढतं आणि थर मऊ, फिकट होतो, त्यामुळं घरात फ्रिजच बरा. दारात येणाऱ्या लेकरांना देताना फल्लीदाणे आहेत हे सोबतच्या मोठ्यांना आधी सांगा, काहींना ते अजिबात चालत नाहीत. बैल घेऊन ती संध्याकाळी निघतात. तासभर आधी डबा फ्रिजमधून काढून, झाकण न उघडता ओट्यावर ठेवा.