ओला दुष्काळ, कोरडा दुष्काळ

सकाळी साडेसातला आमच्या बोटीचं इंजिन एका झटक्यात सुरू होतं. पुतण्या दोरी ओढतो, ते एकदा खाकरतं, निळसर धूर सोडतं आणि चालू लागतं. भांडण असतं ते दुसऱ्यांदा सुरू करताना. बंद करून लगेच ओढलं तर सुरू. तास-दीड तासाने ओढलं तरी सुरू. मधल्या दहा-वीस मिनिटांत मात्र दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ आली तरी साहेब ढिम्म. थोडक्यात, आपण नदीपलीकडे जाऊन एक चहा पिऊन परत यायला जेवढा वेळ लागतो, नेमका तेवढा वेळ.

बोट आमची म्हणजे गावच्या मंडळाची. गाव करवीर तालुक्यातलं, पंचगंगेच्या काठावरचं. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका, हे आमच्याकडच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. 2019 चा महापूर झाला, 2021 ला पुन्हा पाणी आलं, आणि दर खेपेला सरकारी बोटीची वाट बघण्यापेक्षा आपली एक असावी म्हणून वर्गणी काढून ही जुनी बोट घेतली. मागे अडकवायचं टू-स्ट्रोक इंजिन, तेही जुनंच. मी निवृत्त शिक्षक, म्हणून हिशेबाची वही माझ्याकडे आली. वहीबरोबर इंजिनाचं दुखणंही आलं, ते कुणी ठरावात लिहिलं नव्हतं.

मे महिन्यात आम्ही बोटीची चाचणी घेतो. परवाच्या चाचणीत पलीकडच्या काठाला रसवंतीवर थांबलो, रस प्यायलो आणि परत येताना इंजिनाने नकार दिला. पोरांनी वल्ही मारत बोट आणली. घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांनी जे काय हसायचं ते हसून घेतलं. जुनी स्कूटर अशी अडली की आपण ती तिरकी करायचो, चार किका मारायचो. बोट तिरकी करण्यात अर्थ नसतो, एवढं कळण्याइतपत शहाणपण आमच्यात उरलं होतं.

मग इंजिन टेम्पोत घालून उद्यमनगरला नेलं. कोल्हापूरच्या माणसाची श्रद्धा दोनच ठिकाणी, अंबाबाईच्या देवळात आणि उद्यमनगरात. जे कुठंच दुरुस्त होत नाही ते इथं कुणीतरी लेथवर उभं करतंच. तिथल्या एका गॅरेजवाल्याने पाण्याच्या पिंपात इंजिन लावलं, दोरी ओढली, पहिल्या झटक्यात चालू. साहेब तपासणीला आले की वर्गातलं सगळ्यात दंगेखोर पोरगं जसं हाताची घडी घालून बसतं, तसं. तरी दोन नवे प्लग, कार्बोरेटर साफ करणे आणि मजुरी असं बिल झालं. पुढच्या रविवारी नदीपलीकडे पुन्हा तेच.

शेवटी पुतण्याच्या ओळखीचे एक मिस्त्रीमामा स्वतः नदीवर आले. आयुष्य ऑइल इंजिनांत गेलेलं, बोटीचं इंजिन त्यांनीही फार हाताळलेलं नव्हतं. त्यांनी हत्यारांच्या पिशवीला हातही लावला नाही. म्हणाले, "पहिल्यांदा बिघडू दे की त्याला." अर्धा तास बोट फिरवली, पलीकडे थांबवली, आणि मामा गळ टाकून बसल्यासारखे निवांत बसून राहिले. पंधरा मिनिटांनी दोरी ओढली. नाही म्हणजे नाही. मग त्यांनी विचारलं, "असं झाल्यावर प्लग काढून कुणी बघितलाय का?"

कुणीच बघितला नव्हता. आम्ही प्लग बघायचो तो घरी आणून, गार झाल्यावर, उजेडात धरून.

मामांनी तिथंच प्लग काढला. पेट्रोलने चिंब भिजलेला. "ओव्हर झालंय," ते म्हणाले, "ह्यो तुमचा ओला दुष्काळ." आणि मग, माझ्या तोंडावरचा प्रश्न वाचून, "प्लग कोरडा असता तर कोरडा दुष्काळ. पेट्रोलच पोचलं नसतं. बाहेरनं दोन्ही सारखंच दिसतंय, इंजिन सुरू होत नाही. दवा मात्र उलटी." तिसरी शक्यता करंटची. काही कॉइली गार असताना ठणठणीत असतात आणि तापल्या की आतून तुटतात, ठिणगीच पडत नाही. तीही तपासायची तर गरम असतानाच. मामांनी प्लग इंजिनापासून लांब नेऊन पुसून कोरडा केला, सांडलेलं पेट्रोल वाळू दिलं आणि मग जपून बघितलं. ठिणगी निळी, कडक होती.

आता पेट्रोल जास्त का झालं? इथं मला जे कळलं ते मी गावात चार जणांना ऐकवून झालंय, पाचवे तुम्ही. हे इंजिन नदीचंच पाणी खालून ओढून अंगाभोवती फिरवतं आणि गार राहतं. मागच्या बाजूने पाण्याची बारीक धार पडत असते, ती पडतेय तोवर सगळं क्षेम. इंजिन बंद केलं की पाणीही थांबतं, उष्णता मात्र आतच राहते. गॅस बंद केल्यावर तव्यावर राहिलेली शेवटची भाकरी करपते ना, तसं बंद झाल्यावरच वरचा भाग आणखी तापत जातो. शेजारी बिचारा कार्बोरेटर. पेट्रोलमधले हलके घटक 35-40 अंशांनाच उकळू लागतात. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून इंजिनाच्या नरड्यात उतरतं, किंवा नळीत वाफ होऊन वाट अडवतं. आधीचा ओला दुष्काळ, दुसरा कोरडा. लगेच ओढलं तर ताप अजून चढलेला नसतो, तासाभराने तो उतरलेला असतो. मधली पंधरा मिनिटं वाईट.

त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल. ते एकटं 78 अंशांना उकळतं, पण पेट्रोलमधल्या हलक्या घटकांशी गट्टी जमली की दोघं मिळून लवकर उकळतात. शिवाय हवेतलं पाणी ओढून घेतं, जे बोटीच्या टाकीला मुळीच मानवत नाही. मामा त्याच्या नावाने बोटं मोडत होते. मी गप्प राहिलो. आमच्या शिवारात उसाशिवाय काही पिकत नाही, आणि कारखान्यातून निघणारं इथेनॉल म्हणजे शेवटी आमचाच ऊस. आपल्याच पोराची तक्रार परक्याच्या तोंडून ऐकल्यासारखं वाटलं.

पण खरा चोर उसात नव्हता. टाकीपासून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीवर एक रबरी फुगा असतो, सुरू करण्याआधी तो दाबून पेट्रोल पुढं ढकलायचं. मामांनी तो चाचपला आणि मला चाचपायला लावला. कैरीसारखा टणक! मग त्यांनी टाकीच्या झाकणावरचा बारीक स्क्रू फिरवला. फुस्सकन हवा बाहेर पडली आणि आम्ही सगळे माझ्या पुतण्याकडे बघू लागलो.

तो स्क्रू हवेचा. इंजिन चालताना तो उघडा ठेवायचा असतो. पुतण्या नेमाने घट्ट आवळत होता, कारण पेट्रोल महाग आणि उघडं राहिलं की उडून जातं. लीटरला 20 मिली ऑइल मापून घालणारं काटेकोर पोरगं, त्याच काटेकोरपणाने त्याने टाकीचा श्वास कोंडला होता. उन्हात टाकी तापून आत दाब चढायचा आणि थांबलेल्या इंजिनात पेट्रोल रेटत राहायचा. उलट, बंद टाकीने लांबचा पल्ला मारला असता तर आत पोकळी होऊन पेट्रोलच येईनासं झालं असतं. एक स्क्रू, दोन्ही दुष्काळ.

आणि वर आमची दवा! इंजिन सुरू होईना की आम्ही चोक ओढायचो. चोक म्हणजे आणखी पेट्रोल. पूर आलेल्या गावात टँकरने पाणी पाठवणं याहून वेगळं काय असतं? मामांनी चोक आत ढकलला, एक्सलेटर उघडा धरला आणि सात-आठ वेळा दोरी ओढली. धुराचा लोट उठला, इंजिन खोकलं आणि लागलं, तसा त्यांनी एक्सलेटर लगेच खाली आणला. आता आम्ही टाकीवर ओलं गोणपाट टाकतो, थांबण्याआधी दोन-तीन मिनिटं इंजिन मंद चालवतो, काठाला लागलो की इंजिनावरचं झाकण काढून वाफ जाऊ देतो. रुसणं पूर्ण गेलेलं नाही. पण पूर्वी शंभर दोऱ्या लागायच्या तिथं आता पाच-सहा लागतात.

मामांनी पैसे घेतले नाहीत. हिशेबाच्या वहीत "मिस्त्री, 2 ग्लास रस" एवढीच नोंद आहे, आणि तिच्या वरच्या ओळीत गॅरेजचं ते बिल.

जुलैत पाणी गल्लीत शिरलं. खालच्या आळीच्या आक्का एकट्याच राहतात, त्यांना आणायला बोट दाराशी नेली. पुराच्या कामात बोट अशीच चालते: दोन मिनिटं चालायचं, दहा मिनिटं कुणाच्या तरी दाराशी थांबायचं. पुतण्याने गिअर काढून इंजिन मंद चालू ठेवलं होतं.

"आक्का, चला, बसा की बोटीत!"

"काय म्हंतोस? ते बंद कर आधी, काय ऐकाय येईना झालंय!"

"बंद नाही करत! तुम्ही बसा!"

"मी येतो की, पर कोंबड्या मोजून खुराड्यात घातल्याबिगर मी हालत न्हाई. आणि ते फटफट बंद कर, बिथरल्यात त्या सगळ्या!"

पुतण्याने माझ्याकडे बघितलं. मी गोणपाटाखाली हात घालून टाकीचं झाकण चाचपलं. स्क्रू सैल होता. त्याने इंजिन बंद केलं, आणि आक्का माळ्यावर कोंबड्या मोजायला गेल्या.

सोळा होत्या. पंधराच सापडत होत्या.