ठाणे ते न्हावा शेवा: एका पिवळ्या कार्डासाठी अख्खा दिवस

"नऊला पोचा, अकराला मोकळे" असं सांगणाऱ्याने ही फेरी स्वतः कधी मारलेली नाही. केनिया, इथिओपियासारख्या देशांच्या प्रवासाला पीतज्वराची (यलो फीव्हर) लस घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं, तेच हे पिवळं कार्ड. ठाण्याहून निघून न्हावा शेवा बंदराकडच्या सरकारी केंद्रात ती लस घ्यायची आणि घरी परतायचं, म्हणजे दिवस गेला. अर्ध्या दिवसाची रजा टाकू नका, पूर्ण टाका.

आधी पैशांचं बोलू. स्टेशनाबाहेरच्या एजंटांची दोन आश्वासनं ठरलेली असतात. पहिलं, "इथेच, जवळच्या दवाखान्यात टोचून देतो." ही लस केंद्र सरकारने नेमलेल्या केंद्रांतच मिळते. त्यांची यादी आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे. यादीत नसलेल्या जागेचा शिक्का विमानतळावर कागदाच्या किमतीचाही नाही. दुसरं आश्वासन जास्त चीड आणणारं: "दहा वर्षं झाली, कार्ड रिन्यू करावं लागेल." अजिबात नाही. 11 जुलै 2016 पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, त्याआधी घेतलेलंही. जुन्या कार्डावर दहा वर्षांची मुदत लिहिलेली असली तरी नवी सुई नको आणि नवा शिक्काही नको. जहाजावर जाणाऱ्या मुलांकडून या एका खोट्यावर किती पैसे उकळले जात असतील, देव जाणे. एजंटला एक रुपया देऊ नका. अपॉइंटमेंट स्वतः घ्या, केंद्राच्या फलकावर लिहिलेलं शुल्क भरा, पावती मागा.

ठाणे ते नेरूळ ट्रान्सहार्बर लोकलने, तिथून उरणची गाडी. इथवर सगळं सुखाचं आहे, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. एवढंच लक्षात ठेवा की उरणच्या गाड्या मोजक्या आहेत आणि एक चुकली की बराच वेळ फलाटावर बसावं लागतं. ठाण्याची गाडी तिच्या हिशेबाने पकडा.

खरी परीक्षा न्हावा शेवा स्टेशनाबाहेर. पुढचा रस्ता कंटेनर ट्रेलरांचा आहे. चाळीस फुटी डबा लादलेला ट्रेलर वळताना मागची चाकं आत घेतो, रस्त्याची कड धरून चालणाऱ्याच्या थेट अंगावर. चालकाला डावीकडचं खालचं काही दिसत नाही. वर धूळ, पावसाळ्यात चिखल. पाय कितीही मजबूत असोत, इथे चालत जाऊ नका. रिक्षा मीटरवर नाहीत. बसण्याआधी भाडं ठरवा, जाण्याचं आणि परतीचं वेगळं. नाहीतर जाताना सीटवर नेणारा येताना "स्पेशल" म्हणून तिप्पट सांगतो आणि तेव्हा तुमच्याकडे दुसरा पर्याय नसतो. चौघं मिळून गेलात तर हा प्रश्नच मिटतो.

या पट्ट्यात अर्धा तास गेला तर पुढचं सगळंच बिघडतं, कारण लसीचं गणित कुपीवर चालतं. लस जिवंत विषाणूची, सुकवलेल्या पुडीच्या रूपात, 2 ते 8 अंशांत ठेवलेली. एका कुपीत साधारण पाच किंवा दहा डोस. द्रावण मिसळलं की सहा तासांत संपवायची, उरली ती फेकायची. म्हणून माणसं जमल्याशिवाय कुपी फोडत नाहीत. कुपी दहाची असेल तर अकराव्याला पुढच्या दहांची वाट बघावी लागते आणि ते जमले नाहीत तर "उद्या या". काउंटरवरच्या बाईंशी भांडून उपयोग नाही, त्या बरोबर वागत आहेत. पहिल्या तुकडीत नंबर लागेल अशा बेताने पोचा.

सुई म्हणजे अर्धा मिलिलिटर, दंडाला, कातडीखाली. अर्ध्या बाहीचा शर्ट घाला, पोटात काहीतरी असू द्या. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं. अंड्याची तीव्र ॲलर्जी, थायमस ग्रंथीचा आजार, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, गर्भारपण, वयाची साठी ओलांडलेली: यातलं काहीही असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला आणि त्यांची चिठ्ठी सोबत न्या. नऊ महिन्यांखालच्या बाळाला नेऊच नका.

सुईपेक्षा कार्डाकडे डोळे लावून बसा. नाव पासपोर्टातल्यासारखं, अक्षर न् अक्षर. जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, लसीचा बॅच क्रमांक, डॉक्टरांची सही, केंद्राचा शिक्का, आणि तुमची स्वतःची सही. ही शेवटची हमखास राहते. खाडाखोड झालेलं कार्ड बाद ठरू शकतं, म्हणून चूक दिसली तर गिरवून घेऊ नका, तिथल्या तिथे नवं मागा. घरी आल्यावर चूक सापडली तर तोच ट्रेलरांचा रस्ता पुन्हा.

रांगेत बसून या कार्डाचे नियम ठरवणाऱ्या जिनिव्हाच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या नावाने बोटं मोडण्याआधी उलटा इतिहास रंगवून पाहा. खरा इतिहास असा: 1851 साली पॅरिसला पहिली आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. विलगीकरणाचा पहिला करार टिकायला 1892 उजाडलं, तोवर प्रत्येक बंदराचा कायदा वेगळा. समजा 7 एप्रिल 1948 ला जागतिक आरोग्य संघटना उभीच राहिली नाही. मग नैरोबीचा कागद वेगळा, आदिस अबाबाचा वेगळा, परतीला आपला तिसराच. त्या जगात ठाण्याच्या एजंटाने तीन मजली माडी बांधली असती. इथे निदान एकच कार्ड आहे.

ते कार्ड लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. 5 तारखेला टोचलं तर 15 पासून. तिकीट त्याआधीचं असेल तर फेरी फुकट. शिवाय पुढच्या आठवडाभरात बारीक ताप, अंगदुखी येऊ शकते. गोवराची किंवा दुसरी जिवंत लस घ्यायची असेल तर त्याच दिवशी, नाहीतर चार आठवड्यांचं अंतर. केनिया, इथिओपियासारख्या देशातून कार्डाशिवाय परतलात तर इथे सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. आपल्याकडे पीतज्वर नाही, पण तो पसरवणारा एडिस डास घरोघरी आहे, त्यामुळे या नियमात सूट मागू नका.

कार्डाचं लॅमिनेशन करू नका, पुढच्या लसींच्या नोंदी त्यातच होतात. फोटो काढून ठेवा आणि मूळ कार्ड पासपोर्टच्या कव्हरात घाला. परतीची रिक्षा मात्र अर्ध्या तासाच्या बसण्यातच फोनवर ठरवून ठेवा.