कोंबडीचं आतडं आणि सहा ओ-रिंग

चीनमधल्या निंगबोजवळच्या एका कारखान्यात पंप ताब्यात घ्यायचे होते, मी दुभाषी. पुण्याहून आलेले खरेदीवाले साहेब टेबलावर ओ-रिंग, म्हणजे पंपात बसणाऱ्या रबरी कड्या, मोजत बसले होते. हव्या होत्या 400, भरल्या 394. तिसरी मोजणी सुरू झाली तसा तिथल्या मॅनेजरने चहाचा कप खाली ठेवला नि म्हणाला, ‘बिये जमं श्याओ-दू-जी-छांग!’

“काय म्हणतोय?” साहेबांनी विचारलं.

‘बिये जमं’ म्हणजे ‘इतकं असू नका’; पुढचं ‘श्याओ-दू-जी-छांग’ शब्दशः ‘लहान पोट, कोंबडीचं आतडं’. बारीकसारीक गोष्ट मनात धरून बसणाऱ्याला, ज्याला दुसऱ्याचं काहीच सोसत नाही अशाला हे म्हणतात. चार अक्षरांत चिनीचे चारही सूर येतात: तिसरा, चौथा, पहिला, दुसरा. ‘दू’ म्हणजे पोट, तो वरून खाली पाडायचा. तिसऱ्या सुरात गेला की त्याची वजडी होते, ताटातली. नुसती घासाघीस टोचायची असती तर तो ‘जिन-जिन-जी-ज्याओ’ म्हणाला असता. (त्यातला ‘जिन’ म्हणजे अर्धा किलोचं माप, असं पुष्कळांना वाटतं. मुळात ‘जिन-जिन’ म्हणजे लख्ख, बारकाईने पाहणारं.) ते वागण्याला लागतं, हे माणसाच्या स्वभावाला. म्हणून जास्त झोंबतं.

मराठीत ‘कंजूष’ चालत नाही, तो पैशाचा दोष. ‘कोत्या मनाचे’ अर्थाला बरोबर, पण त्यात पोट जातं, आणि पोट महत्त्वाचं आहे: मोठ्या मनाच्या माणसाला चिनीत म्हणतात, प्रधानाच्या पोटात होडी चालवता येते. ‘याच्या पोटात काही राहत नाही’ ओठावर आलं होतं. पण आपल्याकडे ते गुपित फोडणाऱ्याला म्हणतात. घोळ झाला असता.

मी सांगितलं, “म्हणतोय, एवढं कोतं मन करू नका, जरा पोटात घाला.”

साहेबांनी मान वर केली नाही. “माझ्या पोटात घालीन हो. पंपाच्या पोटात काय घालू? एका पंपाला चार लागतात, दोन पंप अडतील.”

पोट जागच्या जागी होतं, त्यामुळे हे वाक्य चिनीत जसंच्या तसं गेलं. मॅनेजर हसला नाही. स्टोअरमधून पाकीट मागवलं आणि सहा ओ-रिंग स्वतः मोजून टेबलावर ठेवल्या.