तिला होणार नाही याची खात्री काय?

मला जेनायटल हर्पिस आहे, म्हणजे शारीरिक संबंधांतून पसरणारा, गुप्तांगावर फोड आणणारा विषाणू; त्याच्या दोन प्रकारांपैकी टाईप 2. बायकोला नाही. हे ज्यांना माहीत आहे ते, आणि त्यातही ज्यांचा स्वतःचा रिपोर्ट नुकताच आलाय ते, फिरून फिरून एकच विचारतात: तिला होणार नाही याची खात्री काय? तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहितो.

खात्री नाही. धोका बराच कमी करता येतो, शून्यावर आणता येत नाही.

लगेच पुढचा प्रश्न येतो, 'पण फोड नसताना कसं होईल?' होतं. विषाणू मज्जारज्जूजवळच्या चेतागाठींत दडून बसतो आणि अधूनमधून त्वचेवर येतो. दरवेळी फोड उठतोच असं नाही. बहुतेक लागण अशा काहीच दिसत नसलेल्या दिवसांत होते. त्यामुळे मुंग्या किंवा जळजळ सुरू झाल्यापासून कातडी पूर्ण भरेपर्यंत संबंध टाळायचे हे तर आहेच, पण तेवढ्यावर भागत नाही. कंडोम उपयोगी आहे, मात्र तो झाकतो तेवढीच जागा वाचते. राहिली विषाणूला दाबून ठेवणारी गोळी, व्हॅलासायक्लोव्हिर. एकाला टाईप 2 आणि दुसऱ्याला नाही अशा जवळपास दीड हजार स्त्री-पुरुष जोडप्यांचा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. बाधित जोडीदाराने रोज 500 मिलिग्रॅम व्हॅलासायक्लोव्हिर घेतलं तिथे आठ महिन्यांत 1.9 टक्के जोडीदारांना लागण झाली. जिथे औषध नसलेली, नुसती दिखाऊ गोळी होती तिथे 3.6 टक्क्यांना. म्हणजे धोका साधारण निम्मा. मी डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज घेतो.

हे सगळं सांगून झालं की लोक म्हणतात, 'मग मूल कसं झालं?' या प्रश्नाचा मला राग येतो, आणि तो रास्त आहे हेही कळतं.

मूल हवं तर कंडोम सोडावा लागणार होता. आम्ही तो फक्त गर्भधारणेच्या शक्यतेच्या दिवसांपुरता सोडला, गोळी चालू ठेवून. शेवटच्या तीन महिन्यांत संबंध पूर्ण बंद. कारण आईला आधीपासून हर्पिस असेल तर तिच्या अँटिबॉडीज बाळालाही मिळतात आणि बाळाचा धोका फार कमी राहतो. पण पहिली लागण बाळंतपणाच्या तोंडावर झाली तर तो 30 ते 50 टक्क्यांपर्यंत जातो, आणि नवजात बाळाचा हर्पिस जीवघेणा ठरू शकतो. हे आम्हा दोघांना पाठ होतं.

आणि आठव्या महिन्यात ती एका सकाळी म्हणाली, 'खाली आग होतेय.'

मी काही बोललो नाही. मनात तारखा मांडायला लागलो. लागणीनंतर त्रास सुरू व्हायला साधारण 2 ते 12 दिवस लागतात आणि आम्ही त्याहून कितीतरी आधी थांबलो होतो. हिशेब बरोबर होता आणि त्याने काडीचाही धीर आला नाही, कारण पहिली लागण लक्षणांशिवाय होऊन त्रास मागाहूनही दिसू शकतो. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी फाईल वाचली, माझ्याकडे बघितलं आणि तिला विचारलं, 'ह्यांनी तुम्हाला लग्नाआधी सांगितलं होतं का?' मी तिथेच, शेजारच्या खुर्चीत. ती म्हणाली, 'सांगितलं होतं. मी विचार करून हो म्हटलंय. तुम्ही स्वॅब घ्या.'

स्वॅबमध्ये विषाणू आहे का ते शोधणाऱ्या पीसीआर तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत ती फाईलच्या मागच्या पानावर प्रश्न लिहीत होती: सिझेरियन कधी ठरवायचं, गोळ्या कुठल्या, बाळाला जन्मल्यावर कुठे ठेवतील. अक्षर नेहमीसारखंच, वळणदार. त्या पानाकडे मला बघवत नव्हतं. मीच आणून ठेवलेलं संकट आणि तयारी ती करत होती.

हर्पिस नव्हता. बुरशीचा संसर्ग होता, गरोदरपणात तो सर्रास होतो. बाळंतपण नॉर्मल झालं, मूल ठणठणीत आहे.

निदान झालं तेव्हा मी ठरवलं होतं, लग्नच करायचं नाही, कुणाच्या आयुष्याशी खेळायचं नाही. त्या माणसाला आज मी म्हणतो: तू तिचा निर्णय तिला न विचारताच घेऊन टाकत होतास. सांगणं म्हणजे नुसता प्रामाणिकपणा नाही, त्यानेही लागण लांबते. ज्यांना जोडीदाराने आधी सांगितलेलं असतं त्यांना लागण व्हायला जास्त काळ जातो, असं अभ्यासात दिसलंय. तिला माहीत असल्यामुळेच ती 'आज नको' म्हणू शकते आणि मीही. यावर तो माणूस विचारतो: ती कळून-सवरून हो म्हणाली, पण त्या आठवड्यात पोटातल्या बाळाला कुणी विचारलं होतं? त्याला काय उत्तर द्यावं मला सुचलेलं नाही.

सध्या वाद वेगळा आहे. तिला आता कंडोम नको, गोळी पुरे वाटते. पुरुषाकडून बाईला लागण होण्याचा धोका उलट बाजूपेक्षा जास्त असतो, हे मी तिला दाखवलं. तिने ते आधीच वाचलं होतं. 'अंग माझं आहे, धोका किती घ्यायचा ते मला ठरवू दे,' ती म्हणते. तिने पुन्हा रक्ततपासणी करून घ्यायची आणि मग बोलायचं, एवढंच ठरलंय. ताजी लागण रक्तात दिसायला 12 आठवडे किंवा जास्तही लागू शकतात, म्हणून तोवर कंडोम चालू आहे. ती चिडलेली आहे, आणि मी हट्ट सोडलेला नाही.