चाळीस अंशांत पबचं तळघर

१९ जुलै २०२२. लिंकनशायरमधल्या कॉनिंग्सबीला त्या दिवशी ४०.३ अंश तापमान नोंदलं गेलं. ब्रिटनमध्ये पारा चाळिशीपार जाण्याची ही पहिलीच वेळ. चंद्रपूरकर हसतील, पण इथली यंत्रं असल्या उन्हासाठी बसवलेलीच नसतात. मी कोल्डरूम आणि एसी दुरुस्त करतो. सकाळपासून फोन खाली ठेवायला फुरसत नव्हती. दुपारी त्याच भागातल्या एका जुन्या पबमधून फोन आला. तळघराचा कूलर बंद पडला होता.

तिथे कास्क एल मिळते. ही बिअर यीस्टसकट पिंपात भरून येते आणि तिचं शेवटचं आंबणं पबच्या तळघरातच होतं. वरून गॅस भरायचा नाही, जो काही वायू तो तिथेच तयार झालेला. त्यासाठी तळघर ११ ते १३ अंशांवर लागतं. मी उतरलो तेव्हा काटा १८ वर होता.

नऊ-नऊ गॅलनची, म्हणजे साधारण ४१ लिटरची पिंपं घोडीवर आडवी ठेवलेली, त्यांवर ओली पोती, आपण माठाला फडकं गुंडाळतो तशी. प्रत्येक पिंपाच्या वरच्या भोकात एक सच्छिद्र लाकडी खुंटी. तिच्यातून जादा वायू बाहेर पडतो. मालकाने एका खुंटीवरचा फेस अंगठ्याने निपटून काढला. हात मागे घेईपर्यंत फेस पुन्हा वर आला. "बघितलंस? थांबायलाच तयार नाही."

बिघाड मात्र अगदी साधा. कंडेन्सर, म्हणजे कूलरची उष्णता बाहेर टाकणारा भाग, मागच्या अंगणात, नेमका किचनच्या एक्झॉस्टसमोर बसवलेला. (असं बसवणाऱ्याला एकदा भेटायचंय.) तेलकट धुळीने कॉईल बुजलेली, फॅनचा कपॅसिटर फुगलेला, त्यामुळे प्रेशर चढून कॉम्प्रेसर सारखा ट्रिप होत होता. कॉईल धुतली, कपॅसिटर बदलला आणि बागेतली मोठी छत्री आणून युनिटवर सावली धरली, वारा अडणार नाही अशा बेताने.

"आजची रात्र आठवर ठेवू का?" मी विचारलं. मटणाच्या कोल्डरूमवाले तर शून्याच्या खालीच बोलतात. मालक जवळजवळ ओरडलाच. फार गार झाली तर बिअर धुरकट होते, यीस्ट झोपतं, चव मरते. उष्णतेने वेगळं नुकसान: गाळ खाली बसवायला जे आयसिंगग्लास घालतात ते गरमीत निकामी होतं. ते माशाच्या हवेच्या पिशवीपासून करतात. पालघरकडे घोळ माशाच्या ज्या बोताला सोन्याचा भाव येतो, तसलीच पिशवी. ब्रिटिश बिअरच्या पिंपात ती भेटेल असं मला वाटलं नव्हतं.

संध्याकाळी हवा तेरावर आली, पण पिंपातली बिअर निवायला सकाळ होणार होती. मालकाने हातपंपावर एक-एक ग्लास ओढून दिव्यासमोर धरला, वास घेतला. रविवारी उघडलेलं पिंप आंबूस झालं होतं. ते सरळ मोरीत ओतलं. एरवीही उघडलेलं पिंप तीनेक दिवसांत संपवावंच लागतं. गढूळ निघाल्या त्यांच्या हँडलवरच्या नावाच्या पाट्या त्याने उलट्या फिरवल्या. एकच सुलटी राहिली. बाहेर तहानलेली गर्दी, तरी त्याने दुसरी कुठली विकली नाही. मला गाडी चालवायची होती म्हणून अर्धा पिंट घेतला. कडवट, बिस्किटासारखा वास, आणि गार म्हणावी इतकी गारही नाही. त्या उकाड्यात तेवढीच पुरली.

पुढच्या आठवड्यात कंडेन्सर उत्तरेच्या भिंतीवर हलवला. बिलात एक पैसाही कमी कर म्हणाला नाही.