आमची वाटचाल : आधी गळती, मग दूध

गोव्यातल्या फोंड्याच्या दुकानावरची पहिली पाटी एवढीच होती: ‘सायकल दुरुस्ती, पंक्चर, हवा’. कामही तेवढेच. ट्यूब काढायची, पाण्याच्या टबात बुडवायची, बुडबुडा निघाला की ती जागा घासून, सोल्युशन लावून ठिगळ दाबायचे. पुढे माउंटन बाइक आल्या, चोर्ला घाट आणि मोलेच्या बाजूला चालवणारी गिऱ्हाइके वाढली आणि ट्यूब मागे पडली. टब मात्र जागेवरच आहे. ट्यूबलेसच्या कामात त्याच्याइतके उपयोगी हत्यार आमच्याकडे दुसरे नाही, कॉम्प्रेसरसुद्धा नाही.

ट्यूबलेस चाकात ट्यूबचे काम तीन गोष्टी मिळून करतात. रिमवरची टेप स्पोकची भोके बंद करते, टायरची कडा म्हणजे बीड रिमला घट्ट बसते आणि आतले सीलंट उरलेल्या बारीक फटी भरते. दुकानात आम्ही सीलंटला दूधच म्हणतो. बहुतेक बाटल्यांत असतो तो रबराचा चीकच. १९९९ मध्ये माविक, मिशेलिन आणि हचिन्सन या कंपन्यांनी यूएसटी नावाची ट्यूबलेस पद्धत आणली, तेव्हा रिमच्या आतल्या बाजूला स्पोकची भोकेच नव्हती आणि टायरही जाड, म्हणून दुधाविना चालायचे. आजचे ‘ट्यूबलेस रेडी’ टायर हलके असतात. दूध नसेल तर काहींच्या साइडवॉलमधूनच, म्हणजे टायरच्या बाजूंमधूनच, हवा झिरपते. रेडी म्हणजे तयार नव्हे, तयार करता येण्यासारखा. हे काउंटरवर रोज सांगावे लागते.

हवा उतरते म्हणून चाक आले की पूर्वी हात थेट बाटलीकडे जायचा. ती सवय मोडली, तेव्हापासून तेच चाक पुन्हा पुन्हा येणे थांबले. आता दुरुस्तीच्या कार्डावर गळतीची जागा लिहिल्याशिवाय बाटली उघडायची नाही असा दुकानाचा नियम आहे. रोटर, म्हणजे डिस्क ब्रेकची चकती, आधी काढून ठेवतो, कारण टबात तेलाचा तवंग असेल तर ब्रेक वाया जातो. टायर आणि रिमवरची कमाल मर्यादा बघून साधारण ३० ते ३५ पीएसआय (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचे माप) हवा भरायची, चाक उभे धरून खालचा वीतभर भागच पाण्यात ठेवायचा आणि हळूहळू फिरवायचे. हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, बुडता कामा नये. नव्या चाकाने आठवड्याला दोन-चार पीएसआय सोडले तर तो दोष नाही. टायर एका रात्रीत बसला तर मात्र शोध घ्यायचा.

ट्रेडमधून (जमिनीला लागणारा भाग) किंवा साइडवॉलमधून बुडबुडा आला तर जागा डोळ्यांसमोर असते. फसवतात ते स्पोकच्या निपलमधून (स्पोक रिमला धरणारा छोटा नट) येणारे बुडबुडे. रिम आतून पोकळ असते. टेपखालून शिरलेली हवा त्या पोकळीत फिरते आणि जिथे वाट मिळेल तिथून बाहेर पडते. म्हणून बारा नंबरच्या स्पोकपाशी बुडबुडा दिसला तरी टेप फाटलेली असते भलतीकडेच. व्हॉल्व्हच्या नटाभोवती बुडबुडे आले तरी दोष व्हॉल्व्हचाच असतो असे नाही. अशा वेळी एकच उपाय: टायर उतरवा, दूध पुसा, टेप पूर्ण काढा. तुटक्या टेपवर टेपचा तुकडा चिकटवून चालत नाही, दुधाने ओल्या झालेल्या कडेवर तो धरत नाही.

टेप लावणे हे अर्धे काम आहे आणि सगळ्यात जास्त घाई इथेच होते. रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा टेप ३ ते ५ मिलिमीटर रुंद हवी: २५ ची रिम असेल तर २८ ते ३० ची टेप. अरुंद टेप मधल्या खोबणीपुरतीच बसते आणि टायर चढवताना बीड तिची कड उचलतो. जुना डिंक आधी काढायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसायचे. पावसाळ्यात इथली हवा इतकी दमट असते की कोरड्या दिसणाऱ्या रिमच्या पोकळीतही पाणी असते. जून ते सप्टेंबर आम्ही रिम गरम हवेने वाळवल्याशिवाय टेपला हात लावत नाही. सुरुवात व्हॉल्व्हच्या भोकाच्या एक वीत अलीकडून, टेप चांगली ताणून, बुडबुडा राहू न देता, आणि शेवट भोकाच्या एक वीत पलीकडे. म्हणजे भोकावर दोन थर येतात. पूर्ण दोन फेरे आम्ही स्पोकची भोके मोठी असतील तरच देतो, कारण जाडी वाढली की टायर चढवताना बोटे सोलतात. नंतर साधी ट्यूब घालून ३५ पीएसआयवर रात्रभर ठेवतो, टेप खोबणीत दाबली जाते. व्हॉल्व्हचे भोक सुरीने कापायचे नाही, चीर पुढे फाटत जाते. बारीक टोच्या गरम करून टोचावा.

व्हॉल्व्हचा नट हाताने आवळायचा, पक्कड लावायची नाही. पक्कड लावली की खालचे रबर चेपून भोकातून वर येते, आणि रस्त्यात ट्यूब घालायची वेळ आली तर नट सुटत नाही. हवा आत जातच नसेल, पंपाचा काटा मात्र भराभर चढत असेल, तर व्हॉल्व्हच्या कोरमध्ये (आतला काढता येणारा भाग) दूध साकळले आहे. कोर काढा, साफ करा, नाहीतर नवा बसवा. दोन कोर आणि कोर काढायची चावी ही खिशात मावणारी वस्तू आहे. हवा भरताना वा सोडताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवला तर हा त्रास निम्म्याने कमी होतो.

बीड बसत नसेल तर आधी तो दोन्ही बाजूंनी मधल्या खोबणीत ढकला, कडेला साबणाचे पाणी लावा, कोर काढून एकदम जोरात हवा आत भरा. टणत्कारासारखे दोन आवाज आले की बसला. आवाज आला नाही म्हणून दाब वाढवत नेणे धोक्याचे. टायरवरची मर्यादा तिथेही लागू असते. टायरवर रिमच्या कडेलगत गोल रेषा असते, ती सगळीकडे सारख्या अंतरावर दिसते का बघा.

दुधाचे प्रमाण: २९ बाय २.३ च्या (इंचांत व्यास आणि रुंदी) टायरला १०० ते १२० मिलि, २७.५ ला ९० ते १००, २६ बाय २.१ ला ६० ते ८०. नवा टायर असेल तर वरचा आकडा, कारण कोरडे रबर आधी थोडे पिते. घातल्यावर चाक बादलीवर आडवे ठेवा, दहा-पंधरा मिनिटे एक बाजू, तितकीच दुसरी. बाटलीवर दोन ते सहा महिने लिहिलेले असते, पण चीक पातळ ठेवणारा अमोनिया उडून जातो आणि गोव्याच्या मार्च-मे मध्ये तो लवकर उडतो. आमच्याकडे उन्हाळ्यात सहा ते आठ आठवड्यांनी कोर काढून, बारीक काडी बुडवून बघतात. काडी कोरडी आली आणि टायर हलवला की आत खडखड वाजले, तर दुधाचा रबरी गोळा झाला आहे. तो काढा, वर नवे ओतू नका. उन्हात बंद गाडीत सायकल ठेवणाऱ्यांसाठी आणखी एक हिशेब: २५ अंशांना २५ पीएसआय भरलेला टायर ६० अंशांवर ३० च्या आसपास जातो.

पंक्चरच्या बाबतीत नेहमीची चूक म्हणजे स्कूटरच्या पंक्चरवाल्याकडे जाणे. त्यांची भोकात भरायची दोरी गाडीच्या जाड टायरसाठी आहे आणि भोक रुंद करायची कानस त्याहून वाईट. बोरीच्या काट्याने पडलेले मिलिमीटरभर भोक ती सहा मिलिमीटर करून ठेवते. काटा, बारीक खिळा दूध स्वतः बुजवते. तीन-चार मिलिमीटरच्या वर गेले की सायकलची भोकात खुपसायची पातळ पट्टी, दीड मिलिमीटरची किंवा साडेतीनची, एवढेच. साइडवॉल चिरली असेल तर पट्टी घरी पोचण्यापुरती.

जांभ्या दगडाची कड रिमला लागली की पोचा पडतो आणि बीड तिथे बसत नाही; टब तो लगेच दाखवतो. वळणावर एकदम हवा सुटून कडेला दुधाचे शिंतोडे दिसले तर ते पंक्चर नव्हे, दाब कमी होता. सत्तर किलोच्या माणसाला पुढे २२ ते २४, मागे २५ ते २७ पीएसआय हा आमचा सुरुवातीचा आकडा, पुढे ज्याने त्याने दोन-दोनने बदलावा. रस्त्यात हवा भरायला १६ ग्रॅमचे सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सिलिंडर वापरले तर काही दुधे थंडीने गोठतात, आणि तो वायू रबरातून लवकर निघून जातो. घरी येऊन साधी हवा भरावी.

ट्यूब घालायचीच वेळ आली तर आधी टायरच्या आतून हात फिरवा, हातावर कापड घेऊन. करवंदीच्या जाळ्यांतून महिनाभर चाललेल्या टायरमध्ये पाच-दहा काटे सहज अडकलेले असतात. दूध त्यांच्याभोवती बसून हवा रोखत होते, ट्यूब मात्र पहिल्या किलोमीटरला जाते.

दुकानात चाक आणताना काटा उपटू नका आणि वाळलेले दूध पुसू नका. ते कुठे वाळले आहे त्यावरून अर्धा शोध टबाआधीच लागतो.