ग्लॉस्टर ते शार्पनेस: ओहोटी बघून निघा

इंग्लंडमध्ये सेव्हर्न नदीच्या शेजारून ग्लॉस्टर ते शार्पनेस असा कालवा जातो, त्याच्या काठाची ही वाट. पहिल्या खेपेला मी ऐन भरतीत वाटेवरच्या पर्टन गावाला पोचलो. एका हाताला काठोकाठ भरलेली सेव्हर्न, दुसऱ्या हाताला कालवा, मध्ये जेमतेम एक बांध. एवढी रुंद नदी शेजारी असताना हा खटाटोप कशाला, काही कळेना.

दुसऱ्यांदा ओहोटीला गेलो. नदी जवळजवळ गायबच! नजर जाईल तिथवर चिखल आणि वाळूचे पट्टे. सेव्हर्नच्या मुखाशी भरती-ओहोटीतला फरक १४ मीटरपर्यंत जातो. कोकणातली खाडी पाहिलेल्या माणसालाही हे पचायला वेळ लागतो. त्यातून वाळूचे पट्टे जागा बदलत राहतात. अशा पाण्यातून मोठी जहाजं ग्लॉस्टरला न्यायची कशी? म्हणून हा कालवा.

१७९३ साली कायदा झाला, पुढच्या वर्षी खोदाई सुरू झाली आणि काही वर्षांतच पैसे संपले. काम रखडलं ते रखडलंच. १८१७ नंतर सरकारी कर्ज मिळालं, अभियंता थॉमस टेलफर्डने लक्ष घातलं आणि १८२७ मध्ये जहाजं सुरू झाली. मूळ बेत बर्कलीपर्यंतचा होता, तो छाटून शार्पनेसला संपवला.

वाट २६ किलोमीटरची, सपाट, सायकलला उत्तम. ग्लॉस्टरच्या गोदीतून निघा, म्हणजे विटांची जुनी गोदामं बघून होतील. जलदरवाजे फक्त दोन टोकांना. मध्ये सगळे फिरते पूल, आणि पूल राखणाऱ्याच्या चिमुकल्या घरांना चक्क ग्रीक देवळासारखे खांब! दोन कालवे मिळतात त्या सॉल जंक्शनला चहा घ्या. पक्षी बघायचे असतील तर स्लिमब्रिजला अर्धा दिवस वेगळा ठेवा, उरकू नका.

पर्टनला मात्र घाई नको. १९०९ मध्ये नदीने बांध खाल्ला, तेव्हा जुन्या बोटी उधाणाच्या भरतीत काठावर चढवून, तळाला भोकं पाडून तिथेच रुतवल्या. गाळ भरला, बांध तगला. पुढची कित्येक वर्षं अशा बोटी आणत राहिले. गवतातून फळ्यांच्या फासळ्या वर आल्यात. एका फळीतला गंजका खिळा माझ्या अंगठ्याएवढा जाड होता. काँक्रीटच्या बार्जही (सपाट तळाच्या मालवाहू बोटी) आहेत. वर चढू नका, लाकूड कुजलंय. चिखलात तर अजिबात उतरू नका.

पुढे दगडी गोल बुरूज दिसतो, तो नदीवरच्या जुन्या रेल्वेपुलाचा. २५ ऑक्टोबर १९६०च्या रात्री धुक्यात तेलाच्या दोन बार्जना शार्पनेस बंदराचं तोंड सापडलं नाही. भरतीने त्यांना पुलाच्या खांबावर नेऊन आपटलं. पाच खलाशी गेले. पूल नंतर पाडूनच टाकला.

आणि परतीचं आधी बघा. शार्पनेसला प्रवासी गाडी १९६४ पासून नाही. मी गाडी मिळेल असं गृहीत धरलं होतं. मग अंधारात, दिव्याची बॅटरी मरत आलेली, कॅम अँड डर्सली स्टेशनपर्यंत पायडल मारत गेलो.